बँकॉक की सिंगापूर? ठरवताना होणाऱ्या या चुका टाळा

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की अनेक मराठी घरांत पहिल्या परदेश प्रवासासाठी बँकॉक आणि सिंगापूर ही दोन नावे पुढे येतात. मुंबईहून दोन्ही शहरांना थेट विमाने आहेत आणि दोन्ही प्रवास साधारण सहा तासांच्या आत होतात, त्यामुळे एक नाही तर दुसरे, अशा हिशेबाने निवड केली जाते. प्रत्यक्षात सिंगापूर हे सुमारे ७३५ चौरस किलोमीटरमध्ये मावणारे, आखीव शहर-राष्ट्र आहे, तर बँकॉक ही १७८२ साली चाओ फ्राया नदीकाठी वसवलेली आणि तेव्हापासून चहूबाजूंनी वाढत गेलेली राजधानी आहे. सोबत कोण आहे आणि दिवस किती आहेत, हे दोन प्रश्न आधी सोडवले, तर पुढच्या बहुतेक चुका टळतात.

केवळ विमानभाडे पाहून ठरवणे. सिंगापूरचे तिकीट स्वस्त मिळाले म्हणून सहल स्वस्त होत नाही, कारण तेथील हॉटेलची खोली बँकॉकमधील त्याच दर्जाच्या खोलीपेक्षा बरीच महाग असते आणि प्रेक्षणीय स्थळांची प्रवेशशुल्केही चौघांच्या कुटुंबाला जड जातात. दुसऱ्या बाजूला मेट्रो आणि बसचा खर्च कमी आहे, तसेच सरकारी देखरेखीखालील हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एकाच छपराखालच्या खाद्यगाळ्यांवर, माफक दरात पोटभर जेवता येते. ही हॉकर संस्कृती २०२० साली युनेस्कोच्या यादीत समाविष्ट झाली. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी राहणे, जेवण, फिरणे आणि प्रवेशशुल्क मिळून माणशी रोजचा खर्च दोन्ही शहरांसाठी मांडावा.

शाकाहाराचा विचार तिथे पोहोचल्यावर करणे. ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते, कारण तिचा त्रास रोज तीन वेळा होतो. थाई स्वयंपाकात ‘नाम प्ला’ हा माशांपासून केलेला सॉस मिठाच्या जागी वापरला जातो, त्यामुळे भाज्यांची म्हणून मागवलेली थाळीसुद्धा शाकाहारी असेलच असे नाही. कच्च्या पपईच्या ‘सोम तम’ सॅलडमध्ये आणि ‘पाद थाई’ नूडल्समध्येही बहुधा सुकवलेली कोळंबी असते. “मांस नको” एवढे सांगून भागत नाही, कारण सॉस हा मांसाच्या व्याख्येत धरला जात नाही. त्याऐवजी ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवावा. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो, आणि अशा ठिकाणी मांस, मासे, अंडी व दूध तर नसतेच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतो, ही गोष्ट आपल्याकडील कांदा-लसूण न खाणाऱ्या ज्येष्ठांसाठी मोठीच सोय आहे. सिंगापूरमध्ये हा प्रश्न फारसा येत नाही. तमिळ ही तेथील चार अधिकृत भाषांपैकी एक आहे, आणि लिटल इंडियातील सेरंगून रोड परिसरात इडली-डोशापासून थाळीपर्यंत सगळे मिळते. घरात कडक शाकाहारी वडीलधारी मंडळी असतील आणि रोज चौकशी करत फिरण्याची त्यांची तयारी नसेल, तर मी निःसंशय सिंगापूर सुचवेन.

ऋतू न पाहणे. बँकॉकमध्ये साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस असतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो सर्वाधिक असतो, त्यामुळे ऑक्टोबरातील दिवाळीपेक्षा नोव्हेंबरातील दिवाळी तिथे अधिक सुखाची जाते. एप्रिलमध्ये तीव्र उकाडा असतो, मात्र १३ ते १५ एप्रिलचा सोंगक्रान हा नववर्षाचा जलोत्सव पाहायचा असेल, तर तो सोसावा लागतो. विषुववृत्ताजवळच्या सिंगापूरला कोरडा ऋतू असा नाही. बाराही महिने दमट हवा आणि अचानक येणारी सर गृहीत धरावी.

नकाशावरील अंतरावर विश्वास ठेवणे. बँकॉकमध्ये पाच किलोमीटरला संध्याकाळी तासभर लागू शकतो. म्हणून हॉटेल बीटीएस (उन्नत रेल्वे) किंवा एमआरटी (मेट्रो) स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावरच घ्यावे, आणि जुन्या राजवाड्याकडे किंवा वाट अरुण मंदिराकडे जाताना नदीवरील बोटीचा उपयोग करावा. गुडघेदुखी असणाऱ्यांनी वाट अरुणच्या उंच, अरुंद पायऱ्या चढू नयेत. वाट फो मंदिरातील ४६ मीटर लांबीची शयनस्थ बुद्धमूर्ती मात्र त्यांना सहज पाहता येते. बँकॉकला दोन विमानतळ आहेत, पूर्वेला सुवर्णभूमी आणि उत्तरेला डॉन म्युआंग. पुढचे विमान दुसऱ्या विमानतळावरून असेल, तर कित्येक तासांचे अंतर ठेवावे लागते.

पाच दिवसांत दोन्ही शहरे बसवणे. दोन शहरांमधील विमानप्रवास सुमारे अडीच तासांचा असला, तरी सामान बांधणे, विमानतळ गाठणे आणि दोनदा पारपत्र तपासणी यांत दिवस जातो. आठ दिवस असतील, तरच जाताना एक आणि येताना दुसरे शहर असे तिकीट काढावे.

कागदपत्रांच्या बाबतीत सिंगापूरसाठी भारतीयांना आधी व्हिसा घ्यावा लागतो, तर थायलंडचे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत, त्यामुळे ते तिकीट काढण्याच्या दिवशीच अधिकृत संकेतस्थळावर पाहावेत. दोन्ही देशांचे ऑनलाइन आगमनपत्र विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ अधिकृत नव्हे.

तिकीट काढून झाल्यावर चूक लक्षात आली, तरी बरेच काही सुधारता येते. बँकॉक निवडले आणि पावसाचे दिवस निघाले, तर मंदिरे सकाळी उरकून दुपार मॉल किंवा संग्रहालयासाठी ठेवावी. ज्येष्ठ मंडळी थकत असतील, तर एक पूर्ण दिवस रिकामा ठेवावा आणि संध्याकाळी त्यांना हुआई ख्वांग येथील गणपतीच्या देवळात न्यावे, जिथे थाई माणसे ‘फ्रा फिकानेत’ म्हणून आपल्याच बाप्पासमोर हात जोडून उभी असलेली दिसतात. सिंगापूर निवडले आणि खर्च हाताबाहेर जातो आहे असे दिसले, तर महागड्या तिकिटांचे एकच ठिकाण ठेवून बाकीचे दिवस २०१५ साली जागतिक वारसा ठरलेली आणि विनाशुल्क खुली असलेली बोटॅनिक गार्डन, मरिना बेचा किनारा आणि हॉकर सेंटर यांना द्यावेत.