रक्ततपासणीच्या अहवालावरून हृदयविकाराचा धोका कसा ओळखावा

हृदयविकार पुढे होईल की नाही, हे एका आकड्यात सांगणारी रक्ततपासणी अजून तरी उपलब्ध नाही. मात्र चार-पाच तपासण्यांचे आकडे योग्य क्रमाने वाचले, तर धोका किती आहे याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. अडचण अशी की, छापील अहवाल प्रत्येक आकडा सुटासुटा दाखवतो आणि मर्यादेबाहेर गेलेला तेवढाच ठळक करतो. ठळक अक्षरे दिसली नाहीत की आपण निश्चिंत होतो. भारतीयांच्या बाबतीत ही निश्चिंती विशेष फसवी असते, कारण आपल्याकडे एकूण कोलेस्टेरॉल फार वाढलेले नसतानाही ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) जास्त आणि एचडीएल (‘चांगले’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल) कमी, अशी जोडी वारंवार आढळते. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा कमी वयात येत असल्याचे दिसून आले होते.

रक्त देण्यापूर्वी

ताप, संसर्ग किंवा शस्त्रक्रिया यांनंतर काही आठवडे ही तपासणी टाळावी, कारण त्या काळात कोलेस्टेरॉल खाली आणि सूज दाखवणारे आकडे वर गेलेले असतात. गरोदरपणात कोलेस्टेरॉल स्वाभाविकपणेच वाढते. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉल व इतर चरबीची तपासणी, उपाशीपोटी करणे प्रत्येक वेळी आवश्यक नाही. तरीही ट्रायग्लिसराइड ४००च्या वर आले, तर दहा-बारा तास काही न खाता तपासणी पुन्हा करावी. (उपाशीपोटी म्हणजे साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेला उपवास नव्हे, फक्त पाणी चालते.) नेहमीची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

आधी वजाबाकी करावी

अहवाल हाती आल्यावर एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करावे. उरलेल्या आकड्याला नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल म्हणतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचू शकणाऱ्या सर्व कणांतील कोलेस्टेरॉल त्यात मोजले जाते, आणि माझ्या मते संपूर्ण अहवालात सर्वाधिक उपयोगी आकडा हाच आहे. समजा, एखाद्याच्या अहवालात एकूण कोलेस्टेरॉल १९८, एचडीएल ३६ आणि ट्रायग्लिसराइड २६० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. एकूण कोलेस्टेरॉल २००च्या आत असल्याने त्यावर खूण नसेल. अनेक प्रयोगशाळा एलडीएल (‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल) प्रत्यक्ष न मोजता ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग आणि एचडीएल एकूण आकड्यातून वजा करून ते काढतात. त्या हिशेबाने एलडीएल ११० येते, म्हणजे फारसे भयंकर वाटत नाही. पण नॉन-एचडीएल १६२ आहे! कमी धोका असलेल्या निरोगी व्यक्तीचे एलडीएल १००च्या आणि नॉन-एचडीएल १३०च्या खाली असावे, असे वर उल्लेखिलेल्या सूचना सांगतात. त्या मापाने हा माणूस बराच पुढे गेलेला आहे.

अशा वेळी, म्हणजे ट्रायग्लिसराइड वाढलेले असताना किंवा मधुमेह असताना, ॲपो-बी ही तपासणी चित्र अधिक स्पष्ट करते. घातक गणल्या जाणाऱ्या प्रत्येक कणावर ॲपो-बी प्रथिनाचा एकच रेणू असतो, त्यामुळे ही तपासणी त्या कणांमध्ये कोलेस्टेरॉल किती आहे हे न पाहता थेट कणांची संख्या सांगते. एलडीएल १९०च्या वर असेल, तर मात्र आणखी आकडेमोड करत बसू नये. आनुवंशिक कोलेस्टेरॉलविकाराची शक्यता धरून डॉक्टरांना भेटावे.

आयुष्यात एकदा: लायपोप्रोटीन-ए

लायपोप्रोटीन-ए हा एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहून नेणारा कण आहे. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये हा घटक मोजला जात नाही, तो वेगळा मागावा लागतो. त्याची पातळी प्रामुख्याने जनुकांवरून ठरते आणि आहार-व्यायामाने फारशी हलत नाही, म्हणून एकदा केलेली तपासणी सहसा पुरते. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा १२५ नॅनोमोल प्रति लिटर यांहून अधिक पातळी धोकादायक मानतात; ही दोन एकके साध्या गुणाकाराने एकमेकांत बदलता येत नाहीत, त्यामुळे अहवालावरचे एकक पाहूनच आकडा वाचावा. पातळी जास्त निघाल्यास भावंडांनी व मुलांनीही तपासून घ्यावे. घरात कोणाला कमी वयात झटका आला असेल, तर ही तपासणी टाळण्याचे कारणच नाही.

बाकीचे आकडे

एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारा आकडा, ५.७ ते ६.४ टक्के असल्यास मधुमेहपूर्व अवस्था आणि ६.५ किंवा अधिक असल्यास मधुमेह समजतात. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असेल, तर हा आकडा खोटा वाढलेला येऊ शकतो. आपल्याकडील स्त्रियांनी हिमोग्लोबिनचा आकडा शेजारी ठेवूनच तो वाचलेला बरा. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाचे काम समजते आणि तेथील बिघाड हृदयाचा धोका वाढवतो. टीएसएच (थायरॉइडचे काम दाखवणारी तपासणी) पाहावे, कारण थायरॉइड मंदावल्याने एलडीएल वाढलेले असेल, तर आधी थायरॉइडवर उपचार करावे लागतात.

उच्च संवेदनशील सीआरपी ही सूज मोजणारी तपासणी आहे. १ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी म्हणजे कमी धोका, ३च्या वर म्हणजे जास्त. आकडा १०च्या वर गेला, तर बहुधा दाताचे दुखणे किंवा खोकला बोलत असतो; बरे झाल्यावर पुन्हा तपासावे. औषध सुरू करावे की नाही, असा प्रश्न अडला असेल तेव्हाच या तपासणीवर खर्च करण्यात अर्थ आहे. ‘फुल बॉडी’ पॅकेजांतील लांबलचक यादीपैकी पुष्कळशा तपासण्यांनी निर्णयात काहीच फरक पडत नाही.

सर्व एकत्र मांडताना

वय, रक्तदाब, तंबाखू, पोटाचा घेर आणि घराण्याचा इतिहास या आकड्यांशेजारी लिहून डॉक्टरांकडे न्यावे, आणि ‘माझ्या धोक्यानुसार एलडीएल किती असावे?’ असे थेट विचारावे. ज्याला आधीच झटका येऊन गेला आहे, त्याच्यासाठी ते लक्ष्य ५५च्या खाली असते, त्यामुळे शेजाऱ्याचा ‘नॉर्मल’ आपल्याला लागू पडेलच असे नाही. छातीत दुखत असेल, घाम सुटला असेल किंवा दम लागत असेल, तर मात्र यातील काहीही करत बसू नये. १०८ला फोन करून रुग्णालय गाठावे, जेथे ईसीजी आणि ट्रोपोनिन पाहिले जाते. ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूला आत्ता झालेली इजा दाखवते.

औषध सुरू झाल्यास किंवा त्याची मात्रा बदलल्यास चार ते बारा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करावे, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, आणि जुना अहवाल सोबत ठेवावा.