भरलेल्या गाडीत कॅम्परचा फ्रिज रात्रभर कसा चालवावा

मे महिन्यात नागपूरहून पचमढीला जायचं, तर उन्हं चढायच्या आत छिंदवाडा मागे टाकलेला बरा. म्हणजे निघणं पहाटे चारला, आणि गाडी भरून ठेवणं आदल्या संध्याकाळी. कॅम्परचा, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या गाडीचा, फ्रिजही मग भरलेल्या गाडीतच रात्रभर चालवावा लागतो. बहुतेकांचं चुकतं ते इथेच.

ऊन उतरल्यावर गाडी घराजवळ सपाट जागी लावा आणि फ्रिज घरच्या लाइनवर जोडा. बोर्ड तीन पिनांचा, अर्थिंगवाला हवा. कूलरचा बोर्ड वापरू नका, तिथे पाणी ठिबकत असतं. वायर दारात चेपली जाणार नाही असं बघा. आत आधी फक्त पाण्याच्या बाटल्या ठेवा. दूध, दही, पन्हं घरच्या फ्रिजमध्ये गार झाल्यावर झोपायच्या आधी गाडीत हलवा. गरम भाजीचा डबा आत ठेवायचाच नाही.

तुमचा फ्रिज गॅसवरही चालणारा असेल, तर भरलेल्या बंद गाडीत तो गॅसवर लावू नका. ‘काच दोन बोटं खाली ठेवली की चालतं’ असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि ज्योतीच्या शेजारी तुमच्या गाद्या असतात.

आता खरी अडचण. फ्रिज आतली उष्णता उचलतो आणि जाळीतून बाहेर टाकतो, एवढंच त्याचं काम. बाहेर टाकलेली ही गरम हवा निघून गेली पाहिजे. गाडी रिकामी असते तेव्हा ती जाते, म्हणून दुपारी तपासलेला फ्रिज उत्तम चालतो. संध्याकाळी आपण त्याच जाळीसमोर वळकट्या रचतो. गरम हवा तिथेच कोंडते, फ्रिज तीच पुन्हा ओढून घेतो आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, तर रात्रीही तो ३० च्या आसपास असतो. त्यामुळे रात्रीच्या गारव्यावर विसंबू नका.

चार वर्षांपूर्वी मी दोन गाद्यांची वळकटी अशीच जाळीला टेकवून ठेवली होती. रात्री लाइन गेली आणि फ्रिज बॅटरीवर आला. पहाटे दार उघडलं तर वळकटीची आतली बाजू इस्त्री फिरवल्यासारखी गरम होती, फ्रिजमध्ये १९ अंश होते आणि बॅटरी संपलेली. दूध फाटलं त्याचं काही नाही, पण बाबांचं इन्सुलिनही आत होतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं. ते सगळं टाकून दिलं, निघणं रद्द केलं आणि औषधाचं दुकान उघडायची वाट पाहत बसलो. बाबा काही बोलले नाहीत. त्यांचा तो चेहरा मी विसरलेली नाही.

तेव्हा मला जो तो सांगे, मोठी बॅटरी घ्या. हिशेब करून बघा. ४० लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज चालू असताना साधारण साडेचार अँपिअर घेतो. १०० अँपिअर-तासांच्या लेड-अॅसिड बॅटरीतले ५० च वापरावेत. फ्रिज न थांबता चालला तर ते अकरा तासांत संपतात. हवा खेळती असेल आणि तो निम्मा वेळ थांबला, तर तेच बावीस तास पुरतात. पैसे बॅटरीवर घालण्याआधी हवेची वाट मोकळी करा.

त्यासाठी जाळीसमोर चार बोटं जागा सोडा. ती नुसती सोडून भागत नाही, कारण रस्त्यातच नव्हे, उभ्या गाडीत रात्रीतही सामान सरकतं. एक लाकडी फळी आडवी बांधून टाका, म्हणजे वळकटी तिच्यावर अडते. हवा आत घेणारी जाळी आणि बाहेर टाकणारी जाळी यांच्यामध्ये जाड पुठ्ठा उभा करा. हे कोणी सांगत नाही आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. गरम हवेच्या बाजूची काच उतरवून तिला डासांची जाळी लावा आणि तिथे संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा बाहेरच्या दिशेने बसवा. तो जेमतेम पाव अँपिअर खातो.

सामान भरून झाल्यावर, त्याआधी नव्हे, एक उदबत्ती पेटवा आणि कपड्यांपासून लांब, जाळीजवळ हातात धरा. धूर सरळ खिडकीकडे गेला पाहिजे. तो वळून फ्रिजच्या मागे शिरत असेल, तर काहीतरी वाट अडवतंय. सामान काढा आणि पुन्हा रचा. रात्रीचे अकरा वाजले असले तरी रचा.

थर्मामीटर फ्रिजमध्ये नुसता लटकवू नका, झाकण उघडलं की तो फसवतो. पाण्याच्या छोट्या बाटलीत बुडवून ठेवा. झोपताना बघा आणि पहाटे बघा. आकडा ५ किंवा त्याखाली हवा.

बॅटरीपासून फ्रिजपर्यंतची वायरही एकदा तपासा. पाच मीटर अंतरावर दीड चौरस मिलिमीटरची वायर असेल, तर जाऊन-येऊन अर्ध्या व्होल्टहून जास्त घट होते आणि बॅटरीत चार्ज शिल्लक असतानाच फ्रिज बंद पडू शकतो. सहा चौरस मिलिमीटरची घाला.

पहाटे आधी इंजिन चालू करा, मग घरची लाइन काढा. इन्सुलिन असेल तर ते मधोमध, टॉवेलात गुंडाळून ठेवा. गार भिंतीला टेकून गोठलं, तर तेही वाया जातं.