पॅकेज टूर नको, मग काय? थकवा उतरवणारी सुट्टी कशी ठरवावी

सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बसमध्ये. सुट्टीवर असूनही घड्याळ ऑफिसपेक्षा कडक. परत येताना फोनमध्ये शेकडो फोटो असतात आणि अंग आंबून गेलेलं असतं.

म्हणून पॅकेज टूरला सरसकट नावं ठेवायचं कारण नाही. १८४१ साली इंग्लंडमध्ये थॉमस कुक यांनी लेस्टरहून लफबरोपर्यंत खास रेल्वेगाडीने सुमारे ५०० जणांना नेलं. १९५० मध्ये व्लादिमिर राइट्झ यांनी विमान, मुक्काम आणि जेवण एकत्र बांधून लोकांना कॉर्सिका बेटावर नेलं. एरवी ज्यांना असा प्रवास जमला नसता, त्यांच्यासाठी त्यामुळे दार उघडलं. आजही पहिल्यांदा परदेशी निघालेल्यांनी, सोबत वयस्कर माणसं असलेल्यांनी किंवा कागदपत्रांची कटकट नको असलेल्यांनी खुशाल पॅकेज घ्यावं. मात्र तिथे विकली जाते ती ‘पॉइंट’ची संख्या. विसावा हवा असेल तर दुसरीकडे बघावं लागतं, आणि तिथे निवड जरा डोळसपणे करावी लागते.

पायरी १: कशाने दमलो आहोत ते आधी ओळखा

‘कुठे जायचं?’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी विचारा, नेमकं कशाने दमलोय?

माणूस कामाच्या ताणातून कसा सावरतो याचा अभ्यास करणाऱ्या साबिने सोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये चार गोष्टी मांडल्या: कामापासून मनाने सुटणं, शरीर-मन सैलावणं, काहीतरी नवं जमू लागल्याचा अनुभव आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. पॅकेज टूरमध्ये पहिली गोष्ट बऱ्यापैकी साधते. चौथी मात्र पैसे भरले त्याच दिवशी हातातून जाते.

या चारांपैकी तुमच्याकडे सध्या काय कमी पडतंय ते पाहा. दिवसभर माणसांशी बोलून घसा आणि डोकं शिणत असेल, तर चाळीस जणांच्या बसमध्ये बसून तो शीण जाणार नाही. दिवसभर निर्णय घेऊन वैतागला असाल, तर सगळं स्वतः आखायची ‘मोकळी’ सहलही ओझंच होईल. तुम्हाला खुणा केलेली पायवाट किंवा वेळापत्रक ठरलेलं शिबिर बरं. रोज तेच ते करून कंटाळला असाल, तर नुसतं लोळून दोन दिवसांत जीव विटेल. तुम्हाला काहीतरी शिकायला हवं. आणि जो मुळात एकटेपणाने खंगलाय, त्याने मौन शिबिराची जाहिरात पाहून हुरळून जाऊ नये. त्याला चार माणसांसोबत हात चालवायला मिळेल अशी जागा हवी.

ओळखता येत नसेल तर मागचे काही महिने आठवा. कुठल्या साध्यासुध्या दिवशी रात्री झोपताना बरं वाटलं होतं? त्या दिवशी काय केलं होतं आणि काय करावं लागलं नव्हतं? उत्तर बहुधा त्यातच सापडतं.

पायरी २: कार्यक्रमपत्रिका पेन्सिल घेऊन वाचा

समोर कुठलाही कार्यक्रम आला, मग तो टूर कंपनीचा असो वा तुम्हीच आखलेला, की त्यातले तुमच्या मर्जीचे तास अधोरेखित करा. समजा आठ दिवसांत चार शहरं आहेत. शहर बदलायच्या दिवशी सकाळी बॅगा भरायच्या, चार्जर राहिला का ते पाहायला पुन्हा खोलीत जायचं, अकराला चेक-आउट, मग चार-पाच तासांचा रस्ता. दुपारी पोचल्यावर खोली तयार नाही म्हणून लॉबीत सामानाच्या ढिगाशेजारी बसायचं. चावी हातात पडेपर्यंत ऊन उतरलेलं असतं. असे बदलाचे दिवस तीन, शिवाय जायचा एक आणि यायचा एक. आठातले पाच दिवस असे अर्धेमुर्धे गेले. उरलेल्या तिनांत ‘पाहायची’ यादी.

तेव्हा पहिली काट मुक्कामांच्या संख्येवर मारा. आठ दिवस असतील तर एकच मुक्काम, फार तर दोन. एखादं प्रसिद्ध ठिकाण राहून गेलं तर राहू द्या, ते पळून जात नाही.

याला संशोधनाचाही आधार आहे. येसिका द ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ५४ नोकरदारांच्या लांबलचक सुट्ट्यांचा माग काढला, सुट्ट्या सरासरी २३ दिवसांच्या. सुट्टी सुरू झाल्यावर बरं वाटणं झपाट्याने वाढलं आणि आठव्या दिवसाच्या आसपास ते सर्वांत जास्त होतं. लोक निवांत झोपले, स्वतःच्या मर्जीने वागले, याच्याशी त्यांच्या बरं वाटण्याचा संबंध दिसला. याचा अर्थ चार दिवसांची सुट्टी वाया जाते असा नाही, पण सलग आठ-दहा दिवस मिळत असतील तर त्यांचे तुकडे करू नका.

पायरी ३: थकव्याला साजेसा प्रकार निवडा

*चालणं.* माझं माप इकडे जरा जड पडतं, हे आधीच सांगून टाकते. दिवसभरात ठरवायचं काय, तर पुढचा मुक्काम. बाकी सगळं पायांवर सोपवायचं. स्पेनमधल्या सांतियागो द कोंपोस्तेला या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या वाटांवर पिवळे बाण रंगवलेले असतात आणि शिंपल्याची खूण असते. फ्रान्सच्या हद्दीतून निघणारा प्रसिद्ध मार्ग जवळपास ७८० किलोमीटरचा आहे, पण तो पूर्ण करायलाच हवा असं नाही. पायी यात्रेचं प्रमाणपत्र शेवटच्या १०० किलोमीटरवरही मिळतं, आणि दिवसाला वीसेक किलोमीटर धरले तर ते आठवड्यात बसतं. जपानमधली कुमानो कोदो ही डोंगरातली तीर्थवाट २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिचा नाकाहेचि हा लोकप्रिय टप्पा चार-पाच दिवसांचा. दोन्हीकडे सामान पुढच्या मुक्कामी पोचवायची सोय होते, त्यामुळे गुडघे कुरकुरणाऱ्यांनीही लगेच माघार घेऊ नये.

तयारी मात्र हवीच. नवे बूट घालून थेट वाटेवर उतरू नका, निदान महिनाभर आधीपासून ते रोज वापरा. पाठीवरचं वजन आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांत बसवा. टाचेला चुरचुरायला लागलं की ‘पुढच्या गावात बघू’ म्हणू नका. तिथेच बसा, मोजा काढा, पाय कोरडा करा आणि लाल झालेल्या जागी पट्टी लावा. फोड आल्यावर केलेला इलाज आणि येण्याआधीचा इलाज यांत अख्ख्या दोन दिवसांचा फरक पडतो. ३००० मीटरच्या वर जाणार असाल, तर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका.

*मौन.* सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतलं विपश्यनेचं निवासी शिबिर १० दिवसांचं असतं. पहाटे चारला घंटा, दिवसाला सुमारे दहा तास बसणं, बोलणं-वाचणं-लिहिणं बंद, फोन जमा. राहण्या-जेवण्याचे पैसे घेत नाहीत, शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच दान स्वीकारतात. हे ऐकून कुणाला ही स्वस्तातली विश्रांती वाटेल. पण ती मेहनत आहे, आणि पहिले दोन-तीन दिवस गुडघे, पाठ आणि मन तिघंही बंड करतात. गंभीर मानसिक आजाराची पार्श्वभूमी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि अर्जात ते लपवू नका. एवढं कडक नको असेल, तर अनेक मठ-आश्रमांच्या अतिथिगृहांत दोन-तीन रात्री शांतपणे राहता येतं.

*हाताने काम.* १९७१ मध्ये लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या स्यू कॉपर्ड यांना शनिवार-रविवार शेतावर घालवावेसे वाटले, आणि त्यातून ‘वूफ’ची कल्पना निघाली. सेंद्रिय शेतावर रोज काही तास काम करायचं, बदल्यात राहणं-जेवण. आज ती अनेक देशांत पसरली आहे. खुर्चीत बसून काम करणाऱ्याला तण काढताना, लाकडं रचताना दिवसाअखेर ‘एवढं केलं’ हे डोळ्यांना दिसतं. जाण्याआधी रोजचे तास, सुट्टीचा दिवस आणि झोपायची जागा लेखी ठरवून घ्या. परदेशात व्हिसाचे नियमही पाहा. कित्येक देशांत राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेली मदतही काम समजली जाते आणि पर्यटक व्हिसावर ती चालत नाही.

*शिकणं.* मातीकाम, विणकाम, एखादी भाषा, पक्षी ओळखणं, काहीही चालेल. फक्त वर्ग अर्ध्या दिवसाचा असू द्या.

*नुसतं राहणं.* झाडं जवळ असलेलं एक घर, आठवडाभर. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकु’ म्हणजे वनस्नान ही कल्पना पुढे आणली. त्यात झाडांमध्ये सावकाश फिरण्यापलीकडे फार काही नाही, आणि त्यासाठी महागडी ‘वेलनेस’ जागा लागत नाही. एक चांगली खुर्ची आणि सावली मिळाली की भागतं.

पायरी ४: पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा

‘अर्थपूर्ण’ हा शब्द विकणारेही पुष्कळ आहेत, तेव्हा फोन उचला. काम किंवा शिबिर कोण चालवतं? मी नाही आलो तर हे काम कोण करतं? माझ्या पैशातला किती भाग तिथल्या माणसांकडे जातो? एका दिवसाचं वेळापत्रक सांगाल का? शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळालं तर तिथेच थांबा.

एका प्रकारापासून मात्र लांबच राहा: अनाथालयात जाऊन आठवडाभर मुलांशी खेळायची ‘सेवा सहल’. आलेल्या पाहुण्याला लळा लागतो, तो जातो, पुन्हा नवा येतो, आणि भोगतं ते मूल. काही देशांत पाहुण्यांचा हा पैसा येत राहावा म्हणून आई-वडील असलेली मुलंही अशा संस्थांत ठेवली गेली आहेत. हा प्रकार इतका गंभीर आहे की ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये त्याची दखल आधुनिक गुलामगिरीच्या संदर्भात घेतली. मुलांचं भलं करायचं असेल तर सुट्टीचा तो बेत सोडा.

पायरी ५: सोबतच्या माणसाशी आधीच बोला

एकाला चालायचंय, दुसऱ्याला पडून राहायचंय, हे निघण्याआधी कळलं तर वाद वाचतात. सकाळ आपापली, संध्याकाळ एकत्र, एवढा साधा करार बहुतेकांना पुरतो. मुलं बरोबर असतील तर रोज एक गोष्ट त्यांच्या मनाची.

पायरी ६: परतीचा दिवस आधी अडवून ठेवा

नेदरलँड्समध्ये १,५३० प्रौढांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सुट्टीनंतरही जास्त आनंदी दिसले ते फक्त ‘अगदी निवांत’ सुट्टी घालवलेले लोक. बाकीचे आणि न गेलेले यांच्यात परतल्यावर फरकच नव्हता. द ब्लूम यांच्या अभ्यासातही कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळं पूर्वपदावर आलं.

म्हणून रविवारी रात्री उशिरा उतरून सोमवारी सकाळी कामावर, हा बेत करू नका. मध्ये एक अख्खा दिवस ठेवा: कपडे धुवायला, झोपायला, घरात नुसतं वावरायला. ईमेलचं स्वयंउत्तर त्या दिवसाअखेरपर्यंत चालू राहू द्या, आणि ‘तातडीचं असेल तर फोन करा’ ही ओळ त्यातून काढून टाका. तिच्याऐवजी तुमचं काम सांभाळणाऱ्या सहकाऱ्याचं नाव लिहा, अर्थात त्यांना आधी विचारून.