राजकीय मत आणि स्वतःची ओळख यांत अंतर कसे राखावे

एखाद्या पक्षावर टीका झाली की आपलाच अपमान झाल्यासारखे वाटू लागले, तर ते मत आता केवळ मत उरलेले नाही, असे समजावे. अशा वेळी बहुतेक जण आणखी मुद्दे जमवून आपली बाजू भक्कम करतात किंवा वैतागून राजकारणाच्या नावाने कानाला खडा लावतात. दोन्ही उपाय फारसे लागू पडत नाहीत, कारण अडचण मुद्द्यांची नसते, आपण कोणाचे आहोत या प्रश्नाची असते. कोणाचे तरी असण्याची ही गरज लाजण्यासारखी नाही. रॉय बाउमाइस्टर आणि मार्क लिअरी या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये आपलेपणाची ओढ ही माणसाची मूलभूत प्रेरणा असल्याचे मांडले होते.

ही ओढ किती क्षुल्लक कारणावर जागी होते, हे हेन्री ताजफेल यांनी १९७०च्या सुमारास ब्रिटनमध्ये केलेल्या प्रयोगांत दिसले. त्यांपैकी एका प्रयोगात शाळकरी मुलांना पॉल क्ले आणि वासिली कँडिन्स्की यांची चित्रे दाखवून, आवडीनुसार दोन गट पाडल्याचे सांगण्यात आले. प्रत्यक्षात वाटणी कशीही केलेली होती, आणि आपल्या गटात कोण आहे हेसुद्धा मुलांना ठाऊक नव्हते. तरीही, पैशांत मोजले जाणारे गुण वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. एवढेच नव्हे, तर आपल्या गटाच्या पदरात एकूण कमी पडले तरी चालेल, पण समोरच्यांपेक्षा जास्त पडावे, याकडे त्यांचा कल दिसला. राजकीय गटाला तर झेंडा, घोषणा, इतिहास आणि रोज भेटणारी माणसे यांची जोड असते, तेव्हा तिथे हा ओढा किती बळावत असेल!

म्हणून सुरुवात मतांपासून न करता माणसांपासून करावी. एका कागदावर, ज्यांच्याशी आठवड्यातून एकदा तरी मनमोकळे बोलणे होते अशांची नावे लिहावीत आणि प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहावा: उद्या एखाद्या मोठ्या प्रश्नावर माझे मत बदलले, तर हे नाते टिकेल का? बहुतेक नावांपुढे उत्तर ‘नाही’ असे आले, तर आपण मत बदलू शकत नाही याचे कारण हाती आले. ते मत कितपत बरोबर आहे याचा त्या कारणाशी संबंध नाही. अशा स्थितीत वाद घालून स्वतःला पटवण्यात वेळ घालवू नये. आधी आपलेपणाचे दुसरे ठिकाण उभे करावे. त्यासाठी नुसत्या गप्पांपेक्षा हाताला काम देणारा गट बरा, मग ते गायन असो, खेळ असो वा रुग्णसेवा. मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातील शिबिरात मुलांचे दोन गट एकमेकांविरुद्ध उभे केले, तेव्हा त्यांना नुसते एकत्र बसवल्याने भांडणे थांबली नाहीत. दोघांनाही गरज असलेले काम मिळून करावे लागले, तेव्हा वैर ओसरू लागले.

पायाखाली अशी जमीन आली की मतांकडे वळावे. जेफ्री कोहेन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अमेरिकी विद्यार्थ्यांनी, योजनेत काय लिहिले आहे यापेक्षा ती आपल्या पक्षाने उचलून धरली आहे का, यावरून कौल दिला. आणि आपण मजकूर पाहूनच ठरवले, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. यावरचा उपाय असा, की एखादा निर्णय वाचताना नेत्याचे व पक्षाचे नाव खोडावे, तिथे विरोधकांचे नाव घालावे आणि मजकूर पुन्हा वाचावा. दुसऱ्या वाचनात अचानक त्रुटी दिसू लागल्या, तर त्या पहिल्या वाचनातही होत्याच.

याहून कठीण, पण अधिक उपयोगी सराव म्हणजे निर्णयाची साखळी लिहून काढणे. समजा, घरभाड्यावर कमाल मर्यादा असावी असे आपले मत आहे. मग ती मर्यादा कोण ठरवणार, जुन्या करारांचे काय होणार, वरून रोख मागणाऱ्या घरमालकाला कोण पकडणार, घरे भाड्याने देणेच कोणी थांबवले तर काय, हे एकेका वाक्यात लिहावे. ‘का हवे’ हे लिहू नये, ‘कसे चालेल’ एवढेच लिहावे. का हवे, हे विचारले की माणूस भाषण करतो. कसे चालेल, हे विचारले की तिसऱ्या-चौथ्या वाक्याशी पेन अडते आणि मताची धार थोडी बोथट होऊ शकते. मत तेच राहिले तरी हरकत नाही.

यानंतर आपल्याच गटात एक छोटी असहमती बोलून पाहावी. ती सर्वांसमोर आणि घोषणेच्या थाटात नको. ज्याच्यावर विश्वास आहे अशा एकाजवळ, ‘या एका मुद्द्यावर मला आपली बाजू पटत नाही’ इतकेच म्हणावे आणि थांबावे. समोरचा कारण विचारतो की निष्ठा विचारतो, यावरून त्या गटाची पारख होते. गट सोडायचाच झाला, तर लगेच विरुद्ध गटात शिरू नये; कालचा कट्टर समर्थक आजचा कट्टर विरोधक होतो, तेव्हा केवळ झेंडा बदललेला असतो.

एक अपवाद मात्र मानलाच पाहिजे. ज्यांच्या नागरिकत्वावर, लग्नावर किंवा पूजेअर्चेवर कायदा थेट घाला घालतो, त्यांना राजकारणापासून अंतर राखण्याचा सल्ला देणे हा आगाऊपणा आहे. त्यांनी ती ओळख स्वतःहून निवडलेली नसते, ती त्यांच्यावर लादलेली असते, आणि एकत्र येणे हेच त्यांचे संरक्षण असते. निर्णयाची साखळी लिहिण्याचा सराव त्यांनाही उपयोगी पडतो, पण तो मागणी अधिक नेमकी करण्यासाठी.