दृष्टिहीन विद्यार्थ्यांचे वाचक किंवा लेखनिक व्हायचे असेल तर

पदव्या, बढत्या आणि घराचे हप्ते यांच्यामागे धावण्यात उमेदीची वर्षे गेल्यावर अनेकांना इतरांसाठी काही करावेसे वाटू लागते. मात्र ही इच्छा बहुतेक वेळा एखाद्या संस्थेला धनादेश देऊन किंवा वह्यावाटपाच्या कार्यक्रमाला उपस्थित राहून तिथेच संपते. ज्यांना नियमित, शिस्तीचे आणि स्वतःचे नाव कोठेही न लागणारे काम हवे आहे, त्यांनी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी वाचक (अभ्यासाचे साहित्य वाचून दाखवणारा किंवा ध्वनिमुद्रित करून देणारा) किंवा लेखनिक (परीक्षेत विद्यार्थी सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहिणारा) होण्याचा विचार करावा. लेखनिकाच्या हस्ताक्षरातील उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक दुसऱ्याचा असतो आणि गुणही दुसऱ्यालाच मिळतात. ज्यांना हे मनापासून चालणार आहे, त्यांच्यासाठी पुढील माहिती आहे.

सुरुवात लेखनिकापासून न करता वाचकापासून करावी, कारण लेखनिक होण्यात तुमची पदवीच आडवी येण्याची शक्यता आहे. केंद्र शासनाने 2018 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार परीक्षार्थीने स्वतः आणलेल्या लेखनिकाची शैक्षणिक पात्रता परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावी लागत असे. त्यामुळे बी.ए.च्या विद्यार्थ्यासाठी निवृत्त प्राध्यापकाला लिहिता येत नसे. अकरावी-बारावीची शेजारची मुलगी मात्र लिहू शकत असे. हे नियम वेळोवेळी बदलतात आणि प्रत्येक परीक्षा मंडळाच्या अटी वेगळ्या असतात, म्हणून त्या परीक्षेचे माहितीपत्रक दरवेळी नव्याने वाचावे. स्वतः अपात्र ठरल्यास घरातील किंवा सोसायटीतील पात्र मुलांना या कामासाठी तयार करणे हीदेखील मोठी मदत आहे, आणि माझ्या मते ज्येष्ठांनी ती आवर्जून करावी.

विद्यार्थ्यांशी गाठ घालून देणाऱ्या संस्था बऱ्याच शहरांत आहेत. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडच्या शाखा, मुंबईतील सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिहीनांसाठीचे केंद्र किंवा पुण्यातील निवांत अंध मुक्त विकासालय यांच्याकडे चौकशी करता येईल. लहान गावात असाल, तर जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना विचारावे. कोणत्या विद्यार्थ्याला वाचून दाखवणाऱ्याची गरज आहे, हे त्यांना बहुधा माहीत असते.

आज मोबाइल आणि संगणकावरील स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारी साधने) मराठीही वाचतात, तेव्हा वाचकाची गरजच काय, अशी शंका येईल. अस्पष्ट छायाप्रती, हस्तलिखित टिपणे, नकाशे, आलेख, तक्ते आणि जुन्या छपाईची संदर्भपुस्तके यांच्यापुढे ही साधने अडखळतात आणि परीक्षेचा अभ्यास नेमका अशाच साहित्यावर चालतो. ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद ठेवावा, आरंभी पुस्तकाचे नाव, लेखक, आवृत्ती आणि प्रकरण सांगावे, पान बदलले की पृष्ठक्रमांक उच्चारावा आणि प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र फाइल करून तिला समजेल असे नाव द्यावे. तक्ता वाचण्यापूर्वी त्यात किती स्तंभ आहेत आणि त्यांचे मथळे कोणते हे सांगावे, मगच ओळीने वाचावे. गणितात विशेष दक्षता लागते: ‘अ अधिक ब चा वर्ग’ असे वाचल्यास वर्ग फक्त ब चा की दोन्हींच्या बेरजेचा हे ऐकणाऱ्याला कळत नाही, म्हणून ‘कंस सुरू’ आणि ‘कंस पूर्ण’ असे स्पष्ट म्हणावे. आवाजात नाट्य आणू नये, कारण विद्यार्थी हे मुद्रण पुष्कळदा वेग वाढवून ऐकतात. मजकुरावर स्वतःचे भाष्य करण्याचा मोह टाळावा. अगदीच आवश्यक वाटल्यास ‘वाचकाची टीप’ असे म्हणून ते वेगळे ठेवावे. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे दिव्यांग व्यक्तींच्या वापरासाठी पुस्तकाचे असे रूपांतर करता येते. परंतु ही सवलत त्यांच्यापुरतीच असल्याने मुद्रण सर्वांसाठी खुले करून समाजमाध्यमांवर टाकू नये.

लेखनिकाचे काम याहून कठोर आहे. परीक्षेपूर्वी विद्यार्थ्याला भेटून एक-दोन जुन्या प्रश्नपत्रिका एकत्र सोडवाव्यात, म्हणजे त्याची सांगण्याची गती, परिच्छेद कोठे पाडायचा आणि अधोरेखन कसे सुचवायचे हे ठरून जाते. केंद्राच्या सूचनांत प्रत्येक तासामागे किमान 20 मिनिटे जादा वेळ देण्याची तरतूद असल्याने तीन तासांची परीक्षा चार तास चालते. तेवढा वेळ न थकता लिहिण्याचा सराव हवा. परीक्षेत प्रथम संपूर्ण प्रश्नपत्रिका गुणांसह वाचून दाखवावी. बहुपर्यायी प्रश्नातील चारही पर्याय एकाच सुरात वाचावेत, कारण योग्य पर्यायावर नकळत दिलेला जोरही सूचना ठरतो. विद्यार्थी जे सांगेल तेच आणि तसेच लिहावे. त्याने सनावळी चुकवली आणि तुम्हाला योग्य साल ठाऊक असले, तरी चुकीचेच साल लिहावे लागते. आयुष्यभर बरोबर उत्तरे देऊन कौतुक मिळवलेल्या माणसाला हे जड जाते. पण उत्तर सुधारणे हा गैरप्रकार आहे, शिवाय तो विद्यार्थ्याचा अपमानही आहे. त्याने मागितल्यावर लिहिलेले पुन्हा वाचून दाखवावे आणि उरलेला वेळ सांगावा.

या सर्वांपेक्षा महत्त्वाचे म्हणजे शब्द पाळणे. ऐनवेळी लेखनिक आला नाही, तर विद्यार्थ्याचा पेपर आणि कदाचित वर्षही जाते, म्हणून शंका असल्यास प्रथमच नकार द्यावा आणि होकार दिल्यावर घरचे लग्नकार्यही आड येऊ देऊ नये. परीक्षांच्या तारखा आधीच दिनदर्शिकेत नोंदवून ठेवाव्यात आणि आजारपणासाठी एक पर्यायी नावही विद्यार्थ्याला अगोदर देऊन ठेवावे.

वागण्याबाबत थोडेसे. भेटताच आपले नाव सांगावे, निघताना निघत असल्याचे सांगावे आणि रस्त्याने जाताना विद्यार्थ्याचा हात धरून ओढू नये; त्याला आपले कोपर धरू द्यावे व आपण अर्धे पाऊल पुढे चालावे. त्याच्यासोबतची छायाचित्रे ‘सेवा’ म्हणून प्रसारित करणे हे त्याने न मागितलेले ओझे असते. निकालानंतर फोन येईलच असे नाही, आणि आला नाही म्हणून मन खट्टू झाल्यास आपण कशाच्या अपेक्षेने आलो होतो हे एकदा तपासून पाहावे. पुढे काही विद्यार्थी संगणकावर स्वतः उत्तरे टंकलिखित करून परीक्षा देऊ लागतात. अशा विद्यार्थ्याला सरावासाठी जुन्या प्रश्नपत्रिका टंकलिखित करून द्याव्यात आणि लेखनिक म्हणून दिलेली वेळ दुसऱ्या विद्यार्थ्याला द्यावी.