कोकणातल्या पावसात लायन्सची कसोटी मालिका कशी पाहावी

ब्रिटिश अँड आयरिश लायन्स म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंचा रग्बी संघ. त्यांचा दौरा दर 4 वर्षांनी, ऐन पावसाळ्यात येतो. पुढचा 2029 ला न्यूझीलंडमध्ये. तिथले संध्याकाळचे 7 म्हणजे रत्नागिरीत दुपारचे साडेबारा, तेव्हा जेवणं आधी उरका.

मुसळधार सरीत डिशचा सिग्नल जातो, कारण पावसाचे थेंब त्या लहरी शोषतात. डिशची छत्री हलवू नका, दिशा बिघडेल. सर ओसरली की चित्र परततं. लाइट जाणारच, म्हणून इन्व्हर्टरवर टीव्हीसोबत राउटरही जोडा.

ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं) 5 गुण, त्यानंतरची कन्व्हर्जन किक 2, पेनल्टी किक 3. पण खरी मजा स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे 8-8 जण एकमेकांत गुंतून चेंडूसाठी रेटतात तेव्हा: पुढची फळी दबावाखाली कोसळली की बहुधा समोरच्यांना पेनल्टी मिळते. 50व्या मिनिटानंतर तर अजिबात उठू नका, राखीव 8 जण उतरू लागतात आणि दमलेल्या स्क्रमचं पारडं फिरतं.