टक्के कशाचे काढलेस?

एमएस्सीच्या पहिल्या सेमिस्टरला टायटॅनिकचा डेटा घेऊन मी वर्गापुढे छातीठोकपणे सांगितलं, की जहाजावरचे कर्मचारी सर्वांत जास्त वाचले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "टक्के कशाचे काढलेस?" आजही आठवलं की कान गरम होतात.

क्रॉसटॅब (दोन गोष्टींची एकत्र मोजणी दाखवणारा ओळी-स्तंभांचा तक्ता) बनवता तुम्हाला येतोच. घोळ पुढे होतो. १९१२ सालच्या त्या जहाजावरच्या २२०१ जणांचा तक्ता आर (R) या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये आयता मिळतो. त्यातले वाचले ७११. या ७११ मध्ये कर्मचारी २१२, पहिल्या वर्गाचे प्रवासी २०३. मी दोन्ही आकडे ७११ ने भागले: कर्मचारी जवळपास ३० टक्के, पहिला वर्ग २८.६. झाला निष्कर्ष तयार! अरे, पण कर्मचारी मुळात होतेच ८८५ आणि पहिल्या वर्गात माणसं ३२५. ज्यांची गर्दी जास्त, त्यांचा वाटा मोठा दिसणारच. भागायचं होतं त्या त्या गटाच्या बेरजेने. तसं केल्यावर पहिला वर्ग ६२.५ टक्के, दुसरा ४१.४, तिसरा २५.२ आणि कर्मचारी २४. माझे 'सर्वांत जास्त' वाचलेले लोक तळाला!

तेव्हा ज्या चलामुळे (म्हणजे इथे प्रवासाचा वर्ग, अशा गटागटाने बदलणाऱ्या गोष्टीमुळे) फरक पडतो असं वाटतं, त्याच्या प्रत्येक गटाची बेरीज १०० यायला हवी. तो ओळीत असेल तर ओळीने, स्तंभात असेल तर स्तंभाने. पिव्हॉट टेबल (एक्सेलसारख्या सॉफ्टवेअरमधला आपोआप बनणारा तक्ता) हे विचारत बसत नाही, म्हणून पहिले दहा तक्ते वहीतच करा, असं माझं ठाम मत. "पी-व्हॅल्यू आली ना, मग चल पुढे" (पी-व्हॅल्यू म्हणजे फरक नुसत्या योगायोगाने दिसू शकतो का, हे जोखणारा आकडा) म्हणणारा गाइड मिळाला (मला मिळाला होता), तर मान डोलवा आणि टक्के स्वतः तपासा. ती पी-व्हॅल्यू देणाऱ्या काय-स्क्वेअर चाचणीला (दोन चलांत संबंध आहे का ते तपासणारी) ओळ-स्तंभ कळत नाही. तक्ता उभा करा की आडवा, उत्तर तेच. माझी चूक त्याने पकडलीच नसती.

घाबरू नका, आठ-दहा तक्त्यांत हात बसतो. मलाही वाटलं, सुटलो. मग स्त्री-पुरुष वेगळे केले. पुरुषांत कर्मचारी २२.३ टक्के वाचलेले, तिसरा वर्ग १७.३. स्त्रियांत ८७ आणि ४५.९. दोन्हीकडे कर्मचारी पुढे, आणि एकत्र केले की मागे! कर्मचारी जवळपास सगळे पुरुष, स्त्रिया फक्त २३, आणि बोटींत आधी बायका-मुलांना घेतलेलं; म्हणून त्यांचा एकूण टक्का खाली. हे लक्षात येईपर्यंत मी मेस बंद होऊन गेली तरी बेरजा तपासत होतो. बेरजा बरोबरच होत्या.